आबांची मोटर आणि डोक्यावरची तार

कोणी "झालं साहेब" म्हटलं की "दाखवा" म्हणायचं, एवढंच माझं काम. रस्त्याच्या ठेकेदाराकडे मी सुरक्षा पर्यवेक्षक आहे. ही पदवी माझ्या केशरी जाकिटाच्या पाठीवर छापलेली असल्यामुळे मी पुढून येत असलो की कोणाला समजत नाही. मी निघून जाताना मात्र सगळ्यांना समजतं. घर धुळ्याला. आठवड्याचे सहा दिवस जिथे काम असेल तिथे एका खोलीत मुक्काम, आणि पिशवीत वाचनालयाचं एखादं पुस्तक.

संशयी मी आधीपासून नव्हतो. या नोकरीत पहिल्याच महिन्यात एका सोमवारी मी क्रेनचा रोजचा तपासणी तक्ता उघडला. ब्रेक, हॉर्न, हुकाची खिट्टी, बेल्टची शिवण, प्रत्येक रकान्यात बरोबरची सुबक खूण. खाली तारीख होती गुरुवारची. येत्या गुरुवारची. गुरुवारचे ब्रेक सोमवारीच ठीक होते. त्या दिवसापासून मी बरोबरच्या खुणेवर विश्वास ठेवणं सोडलं.

हे घडलं ते काम चोपड्याहून यावलकडे जाणाऱ्या रस्त्याचं. रस्ता रुंद करायचा होता, त्यामुळे वाटेतल्या मोऱ्याही लांबवायच्या होत्या. दोन्ही अंगांना केळीची वावरं. मोरी लांबवायची म्हणजे नाल्यात सिमेंटचे मोठे पाईप एकापुढे एक बसवायचे, आणि ते उचलायला हायड्रा. हायड्रा म्हणजे चार चाकांवर फिरणारी क्रेन; पुढे लांब लोखंडी हात, त्याला बूम म्हणतात. आमच्या एका मोरीच्या नेमकी डोक्यावरून विजेची उच्च दाबाची तार तिरपी गेली होती. उन्हाने सैल पडून तिला झोळ आला होता. कोणताही पाईप उचला, बूम तारेखाली यायचाच.

हायड्रा चालवणारे गृहस्थ जळगावचे. वय पन्नाशीच्या पुढे, दाढीला मेंदी, आणि बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. पाईप नाल्यात उतरताना तो फिरू नये म्हणून खाली उभा राहून सांभाळणारा माणूस खलाशी. आमचा खलाशी जामनेरकडचा, दोन मुलींचा बाप, शांत आणि आज्ञाधारक. पाईपला हात लावू नको, दोरीने ओढून वळव, असं मी त्याला दहादा सांगितलं होतं. तो दहाही वेळा "हो भाऊ" म्हणाला होता आणि अकराव्या वेळी पाईप दोन्ही हातांनी धरून उभा होता.

या दोघांच्या कामातला हिशेब लोकांना उलटा वाटतो. बूम तारेला लागला तर केबिनमधे बसलेला माणूस बहुधा वाचतो, कारण त्याच्या भोवतीचं सगळं लोखंड एकाच दाबावर असतं आणि तो जमिनीला टेकलेला नसतो. मरतो तो खालचा. हात पाईपवर, पाय नाल्याच्या ओल्या मातीत. उस्तादांना हे ठाऊक होतं. म्हणून तारेखाली काम असलं की मला रोज सकाळी एकच प्रश्न: "साहब, बंद है ना?" स्वतःच्या जिवाची काळजी म्हणून ते विचारत नसत. समोर काचेतून त्यांना खलाशीच दिसायचा.

त्या मोरीचं काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सुरक्षा सप्ताहाचा समारंभ झाला.

तारेच्या दोन्ही बाजूंना मी बांबूंच्या दोन चौकटी उभ्या करून घेतल्या होत्या. दोन उंच बांबू, वर आडवी दोरी, दोरीला लाल चिंध्या. मशीन येता-जाता बूम चिंध्यांच्या वर गेला की थांबायचं, इतकी साधी गोष्ट. समारंभाच्या सकाळी जाऊन पाहतो तर चौकटी गायब. मंडपवाल्याला स्वागताच्या कमानीसाठी बांबू कमी पडले होते, आणि आमचे बांबू सरळ, उंच आणि फुकट होते. त्यावर पिवळं कापड गुंडाळून फलक लावला होता: सुरक्षितता हाच आमचा श्वास.

प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. "बूमखाली उभे राहू नका" असा मोठा फलक मॅनेजरांनी खास छापून आणला होता, आणि तो सगळ्यांना दिसावा म्हणून हायड्राच्या हुकाला टांगला होता. फोटोसाठी पाहुणे आणि त्यांचे वीसेक अनुयायी त्या फलकाखाली, म्हणजे बूमखाली, उघड्या डोक्यांनी उभे राहिले. मग शपथ झाली. तिच्यातले शब्द इतके जड होते की ते उचलायलाही हायड्रा लागला असता. खलाशाने हात वर केला तो शपथ संपल्यावरही वरच. उस्तादांनी त्याचा हात धरून खाली घेतला आणि मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "बस, हो गया सेफ."

संध्याकाळी मंडपवाला आपल्या सामानाबरोबर आमचे बांबूही टेम्पोत भरून घेऊन गेला. मी मॅनेजरांकडे तक्रार केली.

"अहो, तीन दिवसांचं तर काम आहे," ते म्हणाले. "लाईन बंद ठेवायचं परमिट घेतलंय आपण. रोज दहा ते बारा. वायरमन फोन करेल तुम्हाला. आणि तुम्ही आहातच की लक्ष ठेवायला."

मी आहेच की. या वाक्याने पुष्कळ बांबूंची बचत होते.

पहिल्या दिवशी दहाला पाच मिनिटं असताना वायरमनचा फोन आला. "बंद केली साहेब, चालू द्या." त्याच्या मागे टीव्हीवर कुठलीशी मालिका मोठ्याने रडत होती.

"लाईन बंद आहे, तर तुमचा टीव्ही कसा चालू?"

"तो फिडर वेगळा, भाऊ," तो म्हणाला. फिडर म्हणजे वीज उपकेंद्रातून निघणारी स्वतंत्र लाईन. माझं अज्ञान त्याने समजुतीने घेतलं आणि फोन ठेवला.

फोनवरच्या शब्दावर एका माणसाचा जीव टांगायला माझं मन तयार होईना. पुरावा हवा होता. आणि तो मला मोरीच्या पलीकडेच सापडला. शेजारच्या केळीच्या बागेत एका विहिरीवर पंप होता. शेतकरी त्याला मोटर म्हणतात. त्या मोटरला ऑटो लावलेला, म्हणजे वीज आली की ती आपोआप सुरू होते आणि गेली की थांबते. कोणाला उठून खटका दाबायला जावं लागत नाही. पाण्याची जाड धार हौदात पडत होती. मी बांधावर उभा राहून पाहत होतो. बरोबर दहाला धार बारीक झाली, दोनदा उचकी दिली आणि थांबली.

मला आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला. कागद खोटं बोलतो, फोन खोटं बोलतो, पण मोटर कशाला खोटं बोलेल? तिला ना नोकरी टिकवायची, ना पाहुण्यांना खूश करायचं. मी मोरीवर आलो, हिरवं निशाण दाखवलं आणि उस्तादांना म्हणालो, "बंद आहे. स्वतः खात्री केली." नोंदवहीतही तसंच लिहिलं. माझं अक्षर बरं आहे.

त्या दिवशी तीन पाईप उतरले. दुसऱ्या दिवशीही तसंच. फोन आला, दहाला धार थांबली, मी निशाण दाखवलं, आणखी तीन पाईप उतरले. एकदा बूमचं टोक तारेच्या इतकं जवळ गेलं की मी शिट्टी वाजवली. पण घाबरून नव्हे, शिस्त म्हणून. खाली खलाशी पाईपला मिठी मारावी तसा उभा होता.

माझी ही युक्ती मी कोणाला सांगितली नाही. सांगितली असती तर मॅनेजरांनी तिचाही एक फलक छापला असता.

तिसऱ्या दिवशी दोनच पाईप राहिले होते. फोनवर आवाज वेगळा होता. नेहमीचा वायरमन लग्नाला गेला होता आणि हा बदलीवरचा होता. "बंद हाय साहेब." मी बांधावर गेलो. दहा वाजले, धार थांबली. मी वळलो, तर समोर केळीतून एक आबा बाहेर आले. सत्तरीचे, डोक्याला उपरणं, हातात कोयता. कोयता केळीची वाळलेली पानं काढायचा असतो, पण त्यांनी तो ज्या तऱ्हेने धरला होता त्यावरून आज पानांचं काम नसावं.

"काय हो भाऊ," ते म्हणाले, "तीन दिन व्हई ग्यात, तुम्ही मन्हा मोटरकडेच काब्र देखी राहिनात?"

मी म्हणालो, सहज पाहतोय.

"सहज?" आबांनी माझ्या हेल्मेटकडे पाहिलं. "मांगना वरीसले चोर मन्ही आख्खी वायर कापी लई ग्यात. त्या बी सहजच देखेत. त्यासनी बी आशीच टोपी घालेल व्हती."

तीन दिवस मी मोटरवर नजर ठेवून होतो आणि आबा माझ्यावर. केबलचोर आधी येऊन मोटर कधी चालू असते आणि कधी बंद, ते हेरून जातात, हे या भागात लहान पोरालाही ठाऊक आहे. त्या नजरेने पाहिलं तर माझ्याइतका संशयास्पद माणूस पंचक्रोशीत नव्हता. नाइलाजाने मी माझी युक्ती त्यांना सांगितली. डोक्यावरची तार दाखवली, मग मोटर दाखवली. मोटर थांबली की तार बंद, हे शक्य तितक्या सोप्या भाषेत समजावलं.

आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कोयता खाली गेला.

"मोटर बंद व्हयनी ती दहा वाजनात म्हनीसन," ते म्हणाले. "ह्या आठवडाले आमले लाईट पहाटपाईन दहा लगून ऱ्हास. रोज दहाले जास. तुम्ही ऱ्हा नहीं ते नका ऱ्हा."

"आणि ही वरची तार?"

"हाई? हाई ते गावनी शे. बठ्ठा गावनी." त्यांनी नाल्यापलीकडच्या वस्तीकडे हात केला. "ती गिरनी ऐकू येस का?"

मी कान दिला. पिठाच्या गिरणीची घरघर येत होती. तीन दिवस येत असणार. जो आवाज मला हवा नव्हता तो मी ऐकलाच नव्हता.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, हा दृष्टान्त मी आयुष्यात अनेकदा दुसऱ्यांना ऐकवला आहे. फिडर वेगळे असतात हेही मला पहिल्याच दिवशी फोनवर फुकट सांगण्यात आलं होतं. तरी मी त्या फांदीखाली एका माणसाला दोन दिवस उभं केलं.

मी धावलो. या वयात आणि त्या बुटांत त्याला धावणं म्हणणं धाडसाचं, पण मी लाल निशाण हलवत बांधावरून खाली आलो. उस्तादांनी इंजिन सुरू केलं होतं, बेल्ट पाईपला घातलेला होता, खलाशी खाली उतरला होता. बूम मात्र उचललेला नव्हता. उस्ताद माझ्या हिरव्या निशाणाची वाट बघत थांबले होते. त्यांनी इंजिन बंद केलं.

मी बदलीवरच्या वायरमनला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"कोणती लाईन बंद केली तुम्ही?"

"तुमी सांगितली ती. शेताकडची."

"ती तर दहाला आपोआपच जाते."

मग तो म्हणाला, "मग बंदच हाय ना, साहेब."

"वर गावाची तार आहे. ती बंद करा."

"करतो." दोन मिनिटांनी पुन्हा फोन. "झाली. आता बिनघोर काम करा."

खरोखरच गिरणीची घरघर थांबली. मी उस्तादांकडे वळून म्हणालो, "आता झाली बंद. गिरणी थांबली बघा."

उस्ताद केबिनमधून खाली उतरले. त्यांनी वर तारेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज अजिबात चढवला नाही.

"वो बोला, बंद. आप बोले, बंद. ठीक है." त्यांनी पाईपकडे बोट केलं. "तो साहब, आज पाईप आप पकडो."

खलाशी मधेच म्हणाला, "उस्ताद, जाऊ द्या, मी धरतो, मले काय."

"तू चूप."

मी पाईपकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. गिरणी थांबली होती हे खरं. पण दळण संपलं तरी गिरणी थांबते. गिरणीवाली जेवायला गेली तरी थांबते. हे सगळं माझ्या मनात एका क्षणात आलं. तीन दिवसांत एकदाही आलं नव्हतं. हात माझेच होते आणि ते पुढे जाईनात.

उस्तादांना उत्तर मिळालं. ते हायड्राच्या सावलीत जाऊन बसले आणि त्यांनी डबा उघडला. "वायरमन को बुलाओ. मेरे सामने लाईन पे साखळी डालेगा, तब उठाऊंगा."

मॅनेजरांचे तीन फोन आले. पहिल्यात त्यांनी मला समजावलं, दुसऱ्यात परमिटची वेळ बाराला संपते याची आठवण दिली, तिसऱ्यात म्हणाले, "तुम्ही फार संशयी आहात हो." एरवी हे मी कौतुक म्हणून घेतलं असतं. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही या आणि पाईप धरा." ते कामात होते.

वायरमन तासाभराने मोटारसायकलवर आला. पोरगेलासा, घामाघूम, माझ्यावर चिडलेला. त्याने लांब काठीने आधी तार तपासली, मग तिच्यावर अर्थिंगची साखळी चढवली. तिचं दुसरं टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधलं. म्हणजे चुकून कोणी वीज सोडलीच तर ती जमिनीत जाईल, माणसात नाही. सगळं काम पंधरा मिनिटांचं. परमिटची वेळ त्याने कुरकुरत वाढवून घेतली.

तोवर आबा दोन खेपा करून आठ बांबू घेऊन आले होते. घड धरलेली केळ वजनाने कलंडू नये म्हणून तिला टेकू देतात ते. उंची थोडी कमी पडली, म्हणून दोन-दोन जोडून बांधले आणि दोन्ही चौकटी पुन्हा उभ्या केल्या. चिंध्यांसाठी आबांनी आपलं जुनं उपरणं फाडलं.

"काम व्हयनं का परत आनी देज्यात," ते मला म्हणाले. आणि थोडं थांबून, "मोटरकडे मी शे. तुम्ही तारकडे देखा."

उस्तादांनी हात धुतले, बेल्टची शिवण बोटांनी पुन्हा एकदा चाचपली आणि केबिनमधे चढले. मी नाल्यात उतरलो. खलाशाच्या हातातून दोरीचं एक टोक घेतलं. या वेळी त्याने मुकाट्याने दोरी धरली होती, पाईपला हात लावला नव्हता.

पाईप उचलला गेला तेव्हा तो माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला, "भाऊ, एक विचारू? काल अन् परवा तर बंदच होती ना?"

पहिल्या दोन दिवसांच्या वायरमनने नेमकी कोणती तार बंद केली होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढे तो लग्नाहून परत आल्यावर मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "बंदच केली होती, साहेब." कोणती, असं विचारलं तर म्हणाला, "तीच." नोंदवहीच्या दोन पानांवर माझ्या चांगल्या अक्षरात "स्वतः खात्री केली" असं लिहिलेलं आहे. ती पानं मी फाडली नाहीत.

हो म्हणणं सोपं होतं. पाईप अधांतरी होता, उस्ताद वरून बघत होते, आणि माणसाला कामाच्या वेळी घाबरवू नये असं आमच्या पुस्तिकेतही आहे.

"माहीत नाही," मी म्हणालो.

त्याला आधी थट्टा वाटली. तो हसला, मग हसता हसता थांबला. त्याने दोरी एका हातात घेतली, दुसऱ्या हाताचा तळवा उघडून थोडा वेळ पाहिला आणि पँटला पुसला. मग हात बदलून दुसराही पाहिला.

"घ्या भाऊ, तुमच्याकडून ओढा," तो म्हणाला. "फिरून राहिला पाईप."